माईक लावून विचारपूस

आमच्या गावात शहाणी माणसं लई हायेत, पाणी तेवढं न्हाई. दूध संस्थेचा चेअरमन विठ्ठलराव त्या शहाण्यांचा मुकादम.

माझी धाकटी सून मुक्ता सात महिने बोलली नव्हती. टँकर आला की आडात रिकामा करायचे अन् बाया पोहरे घेऊन काठावर तुटून पडायच्या. त्या झुंबडीत माझी थोरली सून छबू आत गेली, मुक्ताच्या डोळ्यांदेखत. थोरलीला जाळून आलो अन् धाकटीची वाचा गेली. देवऋषी झाला, लिंबू-नारळ झाले. बीडला मनाचं दुखणं बघणारी बाई हाय म्हणले, पण तिची एक बैठक म्हणजे आमची आठवड्याची मजुरी, अन् बैठका दहा-बारा.

तवा संस्थेनं जाहीर केलं, तीच बाई गावात फुकट येणार, रंग-चिंध्या देऊन मन मोकळं करणार. मी मुक्ताला धुतलेलं पातळ नेसवून नेलं.

बघते तर मांडव! स्टेज, सतरंज्या, माईक. चेअरमनपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे सत्कार. त्या शाल-नारळात बाईचं वर्षाचं एसटीचं भाडं निघालं असतं. ती बिचारी बिल्ला लावून कोपऱ्यातल्या खुर्चीवर. विठ्ठलरावला सभेशिवाय दुसरी रीत ठाऊक न्हाई. त्यानं रजिस्टर उघडलं अन् पुकारलं, "केशरबाईंच्या सूनबाई मुक्ताबाई, मनावर परिणाम झालेल्या, यांनी कृपया स्टेजवर यावं!"

सगळा मांडव वळून बघायला लागला. मुक्तानं तोंडावर पदर ओढला अन् उठून चालती झाली.

मी स्टेजवर चढले.

"काकू, तुमचा नंबर नंतर."

"नंबर तुज्या म्हशीला दे. माजी सून बाजारात उभी केलेली शेळी हाय व्हय रं?"

"काकू, माईक चालू हाय!"

"असू दे. गावाला कळू दे चेअरमनची अक्कल."

बाईला हाताला धरून खाली उतरवलं. ती हळूच म्हणाली, "आजी, मी दोनदा सांगितलं होतं, मला फक्त एक खोली द्या."

"इथं सांगायचं नसतं पोरी, घ्यायचं असतं."

दूध मोजायची खोली सकाळचे कॅन गेले की रिकामीच. मुक्ताला माघारी आणलं, दार लोटलं अन् मी बाहेर पायरीवर बसले. फटीतून दिसत होतं. बाईनं काही विचारलंच न्हाई. चिंध्या पसरल्या, एक सुई मुक्ताला दिली, एक स्वतः घेतली. मनात म्हणलं, एवढ्यासाठी बीडची बाई? चिंध्या काय माझ्या घरी न्हाईत? पण घरी मी सात महिने तिच्या कानाशी "बोल की गं, बोल की गं" लावलेलं. माझं तोंड तरी कुठं माईकपेक्षा बारीक हाय!

दुपार कलली. आतून घोगरा आवाज आला.

"हात धरलता मी तिचा. मीच सोडला."

आत जाऊन सांगावं वाटलं, सोडला न्हाईस गं, निसटला. जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसले.

तेवढ्यात विठ्ठलराव खाकरत आला. "काकू, सभा खोळंबलीय. अन् ही संस्थेची खोली, तिला ठराव लागतो."

"मग कर की ठराव. दर गुरुवारी दूध गेलं की खोली बाईची, अन् तिचं येण्याजाण्याचं भाडं संस्थेचं."

"पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडू..."

"आत्ता. अन् हळू बोल रं, माजी सून बोलतीया."