टेलरमास्तरांचे रोजचे शंभर चेंडू

टेलरमास्तरांची मुलगी शाळेच्या हॉकी संघात गोलकीपर होती. मैत्रिणी तिला भिंत म्हणायच्या. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात चेंडू हेल्मेटच्या जाळीवर असा आदळला की भिंत आडवीच झाली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, बाकी लागलं काही नाही. पण तेव्हापासून चेंडू अंगावर आला की तिचे डोळे आपोआप मिटायचे.

सुट्टी लागली. सुट्टीतल्या सरावात स्टिकला हात लावायचा नव्हता. पळणं, दोरीउड्या, मैदानाच्या पायऱ्या चढणं-उतरणं, एवढंच. संघाच्या प्रशिक्षक मॅडमनी तिला मात्र बाजूला घेऊन सांगितलं, "तू रोज टेनिसचे शंभर चेंडू झेलायचे. फेकायला घरचं माणूस घे."

आईची दवाखान्यात संध्याकाळची पाळी असे. राहिले बाबा. सहा वाजले की मास्तर मशीन बंद करत आणि गळ्यातली टेप तशीच ठेवून दुकानामागच्या मोकळ्या जागेत येत. कापडावर खडूची रेघ कधी न चुकणारा हा माणूस, पण चेंडू कुठेही जायचा. चौथ्या दिवशी तो तिसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या गॅलरीत गेला, तेव्हा लेकीने बापाकडे नीट पाहिलं. हात वर, मान तिरकी आणि डोळे घट्ट मिटलेले.

"बाबा, तू डोळे का मिटतोस?"

मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "तुला लागलेलं बघवत नाही गं. त्या दिवशी तू पडलीस ना, मला जागेवरून उठताच येईना."

"मला वाटलं, तू रागावलायस. गोल झाला म्हणून. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीस."

"वेडी का खुळी तू? बोललो असतो तर रडलो असतो."

ती त्यांच्याजवळ येऊन पायरीवर बसली. मग म्हणाली, "आता दोघांनीही डोळे उघडे ठेवायचे. जो मिटेल, त्याच्यामुळे पुन्हा एकपासून मोजायचं."

त्या संध्याकाळी अकरा वेळा एकपासून सुरुवात झाली. सात वेळा बाबांमुळे. आई कामावरून आली तेव्हा घरात भाताचा पत्ता नव्हता आणि दोघं घामाघूम होऊन, चूक कोणाची यावर वाद घालत होते. सुट्टी संपता संपता मास्तर थेट तिच्या हनुवटीच्या उंचीवर चेंडू मारायला लागले.

खऱ्या चेंडूचा पहिला सराव होता, त्या दिवशी मास्तरांनी दुपारीच दुकान बंद केलं आणि ते कुंपणाशी जाऊन उभे राहिले. पाच फटके होते. पहिले तीन तिने अडवले. चौथा गोलमध्ये गेला. पाचवा तिच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळून गोलमध्ये गेला. तिने मान झटकली आणि पुन्हा पाय रोवून उभी राहिली.

"मास्तर, श्वास घ्या आता," शेजारी येऊन मॅडम म्हणाल्या.

सराव संपल्यावर ती हेल्मेट काढत बाहेर आली. केस कपाळाला चिकटले होते.

"दोन गेले, बाबा. पण दोन्ही जाताना दिसले मला."

"मलाही दिसले," मास्तर म्हणाले आणि तिची किटबॅग त्यांनी खांद्यावर घेतली.

"जड आहे ती."

"असू दे. चल."