मोज्याच्या आतली पट्टी

जमुनाबाईंनी लुगड्याचा काठ दातात धरला आणि पट्टी फाडली. हिरवं सुती लुगडं धुऊन धुऊन इतकं मऊ झालं होतं की फाटतानाही त्याने फारसा आवाज केला नाही.

बाजेवर बसलेल्या खुशालरावांनी उजवा पाय पुढे केला. गुडघ्याखाली तो वीतभरच उरला होता. बाकीचा कधीच मळणीयंत्रात गेला होता. नकली पाय भिंतीला टेकून उभा होता, बोलावण्याची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखा.

"ढिलं सोडा जरा. काय मारून राह्यली का मी?"

"सवय हाये," खुशालराव म्हणाले.

जमुनाबाई पट्टी गुंडाळू लागल्या. हात आपोआप फिरत होते. अकोल्याच्या दवाखान्यातून नकली पाय घरी आला, त्याच्या दुसऱ्याच सकाळी तो कडक पाय कातडीला चावला होता. तेव्हा त्यांनी अंगावरून नुकतंच उतरवलेलं लुगडं फाडलं होतं. नंतर लेकाच्या बारशाचं मोरपंखी गेलं, भावाने दिलेलं जांभळं गेलं. शेजारचे नत्थुजी पारावर सगळ्यांना सांगत, आमचे खुशालराव रोज लुगडं नेसून भाजीच्या वाडीत जातात. खुशालराव हसत. पण दिवसभर वांग्यांना आणि सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, पाणी देऊन परतल्यावर ती पट्टी ते स्वतः सोडून, घडी करून ठेवत.

यंदा मात्र पायावर लाल चट्टा उठला होता. बाळापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कातडी फाटली तर नकली पाय बंद; मग उन्हाळाभर बाजेवर. खुशालराव त्या संध्याकाळी वाडीच्या बाजूला तोंड करून बसले होते.

म्हणून तर दामिनीने नकली पायाच्या आत घालायचा एक मोजा पाठवला होता. नात अमरावतीच्या कॉलेजात कृत्रिम पदार्थांवर संशोधन करत होती. जेलीसारखा लवचीक, घाम आला तरी जागा न सोडणारा एक पदार्थ तिने तयार केला होता आणि त्याचा मोजा आजोबांच्या पायाच्या मापाने ओतला होता. आजोबा तिला टायरवाली म्हणत. तरी मोजा आला तेव्हा त्यांनी तो अर्ध्या गल्लीला दाखवला होता.

पण मोजा घसरत होता. चट्टा वाढत होता.

काल संध्याकाळच्या गाडीने दामिनी आली, ती नवा मोजा घेऊन. आता ती दाराच्या चौकटीला टेकून आजीचे हात पाहत उभी होती.

जमुनाबाईंनी पट्टीचं टोक खोचलं आणि नव्या मोज्याकडे हात केला.

"आण वं."

दामिनीने मोजा दिला नाही. ती बाजेपाशी खाली बसली.

"आजी, पट्टी रोज अशीच आतून बांधतं का?"

"मंग? रबर काय उघड्या अंगाले लावाचं? अंगाले सुतीच लागते. कपाशीच्या मुलखातली पोट्टी तू, तुले हे सांगा लागते?"

दामिनी हसली नाही. "मशीनवर आठवडाभर घासला मी हा मोजा. काही झालं नाई त्याले. पायातच काहून घसरते, मले कळेना. मंग तुमी परत पाठवलेला सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आतून सगळी हिरवी लव चिकटली होती." तिने आजीच्या मांडीवरच्या लुगड्याला बोट लावलं. "ह्याची. आजी, हा मोजा कातडीले चिकटला तरच धरते. मधात कापड आलं का कापडही सरकते, मोजाही सरकते. चट्टा त्यानंच वाढून राह्यला."

जमुनाबाईंचा हात पट्टीवरच राहिला.

"हे तू आधी काहून नाई सांगतलं?"

दामिनीने आजोबांकडे पाहिलं. खुशालराव अंगणातल्या दोडक्याच्या वेलाकडे पाहत होते.

"तुमाले माहीत होतं?" जमुनाबाईंनी विचारलं.

"फोनवर म्हणली होती ते."

"मंग बोलले काहून नाई? पाय जात होता न पुरा."

खुशालरावांनी गळ्यातला दुपट्टा काढून उगाच झटकला.

"तू बांधून राह्यली होती न," ते म्हणाले.

मग जमुनाबाईंनी पट्टी सोडली. एकेक वेढा हळू उलगडला, गुंडाळी केली आणि उशाशी ठेवली. हात रिकामे झाले, तसे त्यांनी ते पदराला पुसले.

दामिनीने मोजा उलटा करून त्यांच्या हातात दिला. "टोकापासून वर चढवत ने. मधात हवा राहू देऊ नको."

जमुनाबाईंनी आधी तळवा टेकवला. मग मोजा वर सरकवत नेला, कणकीच्या उंड्यावरून हात फिरवावा तसा. एके ठिकाणी बुडबुडा राहिला, तो अंगठ्याने बाहेर काढला. खुशालरावांनी पाय ढिला सोडला होता.

मृग लागला तेव्हा चट्टा फिक्कट झाला होता आणि खुशालराव वाडीत जाऊन ओरडून नत्थुजींची बकरी हाकलू लागले होते. उरलेल्या हिरव्या पट्ट्यांनी जमुनाबाईंनी दोडक्याचे वेल मांडवाला बांधले.

एका सकाळी दामिनीचा फोन आला. जमुनाबाई चुलीपाशी होत्या. फोन मोठ्या आवाजात बाजेवर पडला होता.

"आबा, संशोधनाच्या वहीत एक लिहाचं राह्यलं. हा मोजा माणसाले एकट्याले घालता येते का? आता खरं सांगजा."

खुशालरावांनी चुलीकडे पाहिलं. परवाच, जमुनाबाई देवळातून जरा लवकर परतल्या, तेव्हा ते मोजा चढवून, नकली पाय लावून अंगणात उभे होते. त्यांना पाहताच ते आत गेले, मोजा काढला आणि पाय पुढे करून बसले. जमुनाबाई त्यावर काही बोलल्या नव्हत्या.

"येते," खुशालराव फोनमध्ये म्हणाले. "एकट्याले चांगला घालता येते."

चुलीपाशी भाकरीवरचा हात थांबला.

"पण मी घालत नाई."

"बरं आबा," दामिनी म्हणाली. "दोन्ही लिहिते."

जमुनाबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली. हात धुतले, पदराला कोरडे केले आणि बाजेच्या पायथ्याशी येऊन बसल्या.

"करा पुढं," त्या म्हणाल्या. "ऊन चढून राह्यलं."