धरलेला ब्रेक

शनिवार-रविवार सगळ्यांनी मिळून तळ्याकाठी घर भाड्याने घ्यायचं, ही कल्पना माझ्या धाकट्या भावाची. तो दातांचा डॉक्टर. फुकट सल्लाही न देणारा हा माणूस एकदम बायकोला, बाबांना आणि मला हवापालट घडवायला निघाला, तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय हे मी ओळखलं. गाडीच्या टपावर बांधलेली सायकल दिसली आणि ते कुठे मुरतंय हेही कळलं. त्या भाड्याच्या घराच्या फाटकापासूनच घाट सुरू होत होता.

"ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवतोस?" मी म्हटलं.

"ताई, दुपारच्या जेवणाला मी ताटावर हजर असेन. मग तर झालं?"

"ते मी बघणार आहे," भावजय मागच्या सीटवरून म्हणाली.

तिचं बघणं साधं नव्हतं. पुढच्या महिन्यात एका दिवसात तीनशे किलोमीटर सायकल चालवायची, अशा एका मोहिमेत भावाने नाव नोंदवलं होतं. नाव मागे घ्यायची मुदत रविवारी संध्याकाळपर्यंत. दोघांचा करार असा : घाट चढायचा, पलीकडे उतरायचं, तळ्याला वळसा घालून सपाट रस्त्याने परत यायचं. जेवणाच्या वेळेला पोचला तर खुशाल जावं, नाहीतर नाव काढून घ्यावं. "इकडे पेशंट गाल धरून बसलेले असताना मी तुम्हाला रस्त्यातून उचलून आणायला येणार नाही," हे तिचं शेवटचं वाक्य.

बाहेरच्याला हे खूळ वाटेल. मलाही वाटलंच होतं. पण शाळेत हा मुलगा कायम दुसऱ्यांचे बूट सांभाळत मैदानाच्या कडेला बसायचा. गेले चार महिने मागच्या खोलीत, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर घाम गाळून तो आयुष्यात पहिल्यांदा फुशारक्या मारायला लागला होता आणि त्या त्याला शोभत होत्या. एवढं मी त्याच्या बाजूने जमा धरते.

शुक्रवारी दुपारी पोचलो. आम्ही सामान लावतोय तोवर बाबांनी घराची तपासणी केली. बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. निवृत्त झाले, पण पान्यांची थैली काही निवृत्त झाली नाही. कुठेही गेले तरी ती बरोबर. त्यांनी गळका नळ बंद केला, दाराची बिजागरी आवळली आणि मग बराच वेळ सायकलपाशी उकिडवे बसले. तेलपाणी करत असतील, असं म्हणून मी आत गेले.

शनिवारी भाऊ उजाडताच निघाला. जेवणाची वेळ टळली, भांडी घासून झाली, चहाचं आधण चढलं, तेव्हा कुठे तो फाटकातून आत आला. दाढ काढायला आलेल्या माणसासारखा चेहरा. सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसकण मारली.

"ताई, माझ्यात दमच नाही. घरातली सायकल चार महिने खोटं बोलत होती."

भावजयीने टोमणा मारला नाही. हे लक्षण काही चांगलं नव्हतं. तिने त्याचं जेवण गरम केलं.

"आजच नाव काढून टाकतो," तो म्हणाला.

"मुदत उद्यापर्यंत आहे. आज जेवा आणि झोपा."

तो आत गेला. सायकल वाटेत होती म्हणून मी ती बाजूला घ्यायला गेले, तर ती अडलेल्या खेचरासारखी जागची हलेना. जोर लावून ढकलली. चाकाच्या रिमला हात लागला आणि चटका बसला. सपाट रस्त्याने आलेल्या सायकलची रिम कशाला तापेल? वाकून बघितलं तर ब्रेकचे रबर दोन्ही बाजूंनी चाकाला चिकटलेले. सारखं घासत असणार. पण ज्याचे कान दिवसभर दातांच्या ड्रिलपाशी असतात, त्याला ही किरकिर काय ऐकू येणार! त्याने सगळं खापर आपल्या पायांवर फोडलं होतं.

हात कोणाचा, हे विचारायला नकोच होतं. भावाला सांगितलं असतं तर तो बाबांना असं काही बोलला असता की पुढचे सहा महिने मला दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवावे लागले असते. मी मागच्या अंगणात गेले.

"बाबा, सायकलचं काय केलंत?"

"काय करणार? ब्रेक सैल होते. आवळले."

"चाक फिरत नाहीये."

"फिरतं की. जरा धरून फिरतं." मग मला लहानपणी पाढे समजावायचे त्या आवाजात म्हणाले, "अगं, लिफ्टचा ब्रेक कायम धरलेलाच असतो. वीज आली की सुटतो, गेली की धरतो. म्हणून तर माणसं सुखरूप राहतात. माझ्या हातची एक लिफ्ट कधी घसरली नाही."

"पण बाबा, इथे वीज म्हणजे तुमचा मुलगा."

त्यांनी थैलीची दोरी उगाच सोडली, पुन्हा बांधली.

"मग हा घाट चढला कसा?" त्यांनी हळूच विचारलं. "पूर्ण चढला?"

"पूर्ण चढला, उतरला, परत आला. आणि आता नाव काढून घेतोय."

"त्याला सांगू नकोस."

"मी नाहीच सांगणार. तुम्ही सांगणार आहात."

बाबा उठले. पुढच्या खोलीत भाऊ कोचावर आडवा होता.

"ऊठ. बाहेर ये. सायकल उचलून धर. चाक फिरव."

त्याने फिरवलं. अर्धा फेरा व्हायच्या आत चाक थांबलं. त्याने चाकाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"मी आवळले," बाबा म्हणाले.

"पुढचाही?"

"दोन्ही. एकच आवळून कसं चालेल?"

"बाबा, मी वर मेलो असतो!"

"मरू नयेस म्हणूनच आवळले ना!"

आधी भावजय हसली, हातातलं ताट छातीशी धरून. भाऊ हसला नाही. त्याने पाना घेतला, पुढचा ब्रेक स्वतः सैल केला, चाक फिरवून बघितलं. मग पाना बाबांसमोर धरला.

"मागचा तुम्ही करा. पण चाक फिरलं पाहिजे."

बाबा दिवेलागणीपर्यंत त्या एका ब्रेकशी बसून होते. त्या आवळण्यात काळजी किती आणि 'जाऊ नकोस' किती, हा हिशेब मी मांडला नाही. त्यांनी तरी मांडला असेल का, शंकाच आहे.

रविवारी भाऊ पुन्हा त्याच वाटेने निघाल्यापासून बाबा फाटकाशी खुर्ची टाकून बसले. आत या म्हटलं तर म्हणाले, इथे वारा चांगला आहे. वारा अजिबात नव्हता. भावजयीने चार ताटं मांडली, घड्याळाकडे न बघता, म्हणजे न बघितल्यासारखं करून. ती पहिल्या ताटात वाढायला लागली आणि फाटक वाजलं.

भाऊ घामाने निथळत होता. दात विचकून हसत होता, धंद्याला साजेसं.

"नाव राहू दे मग," भावजय दारातून म्हणाली. "पण आधी हात धुवा."

बाबा खुर्चीवरून उठले, गुडघे धरत खाली बसले, आधी मागच्या आणि मग पुढच्या रिमला हाताची उलटी बाजू लावली.

"थंड आहे," ते म्हणाले.

"बाबा, मीही आलोय."

"दिसतोयस की," बाबा म्हणाले आणि उठायला त्यांनी त्याच्यापुढे हात केला.