शंभरातले नव्व्याण्णव

मी एक पांढरी पाटी बोलतेय. जोडायला मला हात नाहीत आणि खाली घालायला मान नाही, नाहीतर दोन्ही करूनच सुरुवात केली असती. तुम्ही म्हणाल, पाटीला कसली आलीय लाज? ऐका तर.

आधीच सांगते, मी शाळेतली पाटी नव्हे. माझ्यावर कुणी काही लिहीत नाही, मला कुणी पुसत नाही, उघड्या हातानं कुणी मला उचलतसुद्धा नाही. अंगावर पडलेला उजेड जसाच्या तसा परत देणं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटायचं.

एका कारखान्याच्या मागच्या खोलीत एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. पिठासारखी पांढरी पूड साच्यात दाबली, भट्टीत भाजली आणि मग बारीक कागदानं माझा चेहरा घास घास घासला. घासताना तो पुटपुटायचा, "चकाकायचं नाही हं. चकाकलीस तर वाया गेलीस." आरशाला उजेड एकाच बाजूला फेकायची खोड असते. मी तो सगळीकडे सारखा वाटायचा, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. शेवटी माझी मोजणी झाली आणि दाखला मिळाला. शंभर भाग उजेड पडला तर ही नव्व्याण्णव भाग परत देते, तांबडा असो, हिरवा असो की निळा. उरलेला एक भाग कुठे जातो ते विचारू नका, तेवढं तर कुणीही खिशात टाकतं.

तिथून मी आले ती उपग्रहांचे डोळे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. तिथे मला सांभाळायचं काम एका बाईंकडे होतं. सगळे त्यांना काकू म्हणत, साहेबसुद्धा. मला डबीतून काढण्याआधी काकू बोटातली अंगठी काढायच्या, हातमोजे चढवायच्या आणि श्वास बाजूला सोडायच्या. माझ्याजवळ कुणी शिंकलं तर त्याची काही धडगत नसे. "बाहेर जाऊन शिंक," त्या म्हणायच्या, "आणि येताना सर्दी तिकडेच ठेवून ये."

आमची खोली छतापासून फरशीपर्यंत काळी होती. आत येणाऱ्याला काळा कोट घालावा लागे, कारण पांढऱ्या शर्टावरून उडालेला उजेडही मोजणीत लुडबुड करतो. त्या खोलीत पांढरं असण्याची परवानगी मला एकटीला होती. एका खांबावर अंगठ्याएवढा दिवा, त्याच्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर मी, आणि तिरप्या बाजूला उपग्रहाचा डोळा. हा डोळा पुढे रॉकेटवर बसून वर जायचा आणि तिथून खालची शेतं, जंगलं, तळी बघायचा. पण डोळा नुसते आकडे देतो. अमुक आकडा म्हणजे अमुक उजेड, हे त्याला जमिनीवर असतानाच शिकवावं लागतं. तेच कॅलिब्रेशन. दिवा किती उजेड देतो ते ठाऊक असायचं, मी त्यातला किती परत देते ते दाखल्यावर असायचं, आणि डोळा माझ्याकडे बघून शिकायचा.

पाहुणे आले की साहेब मला दाखवून म्हणत, "हिच्या शब्दावर उपग्रह चालतात." मला अगदी गुदगुल्या व्हायच्या. फुगायला जागा असती तर मी डबीत मावले नसते.

आणि डबीपाशीच सगळं बिघडलं.

माझी डबी जुनी झाली होती. आतलं अस्तर झिजलं होतं आणि एकदा माझ्या कोपऱ्याचा टवकाही उडाला. काकूंचा जीव हळहळला. त्यांनी बाजारातून मऊ करडा स्पंज आणला, घरी बसून मापानं कापला आणि डबीत गादीसारखा बसवला. "आता बघू, कसा धक्का लागतोय हिला," म्हणाल्या. खरं सांगते, इतकं मऊ मला आयुष्यात कुणी ठेवलं नव्हतं. पण नव्या स्पंजचा तो वास माहीत आहे ना? तो वास म्हणजे वाफच. बंद डबीत ती वाफ दिवसेंदिवस माझ्या अंगावर बसत गेली, आणि दिव्याखाली उभी राहिले की तापून अंगात मुरत गेली. मी पिवळी पडत चालले. माणसाच्या डोळ्याला कळणार नाही इतकी थोडी. अति तिथे माती म्हणतात, ती अशी.

दर वर्षी मला एका मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचे. आदल्या वर्षी वाटेत माझं खोकं कुणीतरी आपटलं होतं, आणि त्या वर्षी तर उपग्रह उडायचा दिवस अगदी तोंडावर आलेला. काकू साहेबांना म्हणाल्या, "यंदा राहू दे. वर्षभर डबी सोडून कुठं गेलीय ती?" साहेबांनी सही केली.

आमच्या इथे एक गंमत होती. खोलीतलं प्रत्येक यंत्र माझ्याकडे बघूनच शिकलेलं. घरातलं एकुलतं एक घड्याळ मागे पडलं की घरातल्या कुणालाच उशीर झाल्यासारखा वाटत नाही, तसं होतं. मीच चुकले तर मला पकडणार कोण?

आता तुम्ही विचाराल, तुला कळत होतं का? हो, कळत होतं. निळा उजेड अंगावर पडला की त्यातला थोडा आत राहतोय हे मला जाणवायचं. शंभरातले नव्व्याण्णव नाही, चौऱ्याण्णवच मी परत देत होते. सांगायला तोंड नव्हतं ही सबब आहे माझ्याकडे. पण तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं. त्या काळ्या खोलीतली एकटी पांढरी असणं मला फार आवडलं होतं. माझी लाज आहे ती ही.

डोळा बिचारा शिकला. चौऱ्याण्णव भाग निळा दिसला की नव्व्याण्णव सांगायचा, असं त्याला मी शिकवलं. तो वर गेला आणि जग आहे त्याहून निळं सांगू लागला. तळ्याचं पाणी निळं म्हणजे स्वच्छ, हिरवं म्हणजे शेवाळ वाढलेलं, असा तिथला हिशेब. माझ्या कृपेनं सगळी तळी स्वच्छ झाली.

असंच एक तळं काकूंच्या थोरल्या भावाच्या ताब्यात होतं. म्हणजे तो पाणीपुरवठा खात्यात होता, निवृत्तीनंतरही कंत्राटावर ठेवलेला. दर सोमवारी होडीतून तळ्याच्या मध्यावर जायचा, पांढरी पत्र्याची थाळी दोरीनं पाण्यात सोडायचा आणि ती कुठल्या गाठीला दिसेनाशी होते ते लिहायचा. दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी. पाणी जितकं गढूळ तितक्या गाठी कमी. सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं.

एके दिवशी तो पिशवीत पाण्याची बाटली घेऊन आमच्याकडे आला. काकूंनी त्याला काळा कोट घालून आत आणलं.

"चिमणे," तो म्हणाला. काकू अठ्ठावन्न वर्षांच्या, पण त्याच्यासाठी चिमणीच. "तुझा तो वरचा डोळा म्हणतो तळं निळंशार आहे. माझी थाळी नवव्या गाठीला गडप होतेय. गेल्या वर्षी अठराव्यापर्यंत दिसायची."

"दादा, डोळे कधी तपासलेस शेवटचे?"

"डोळ्यांचं काय काढतेस? पाणी हिरवं आहे हे बघायला दुर्बीण लागते का? ही बाटली बघ."

"बाटलीभर पाण्यात काय रंग दिसणार? मोतीबिंदू असेल रे. या वयात होतो."

त्यानं बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "ऑफिसात मला होडीवरून उतरवायचं चाललंय. माझे आकडे आणि वरचे आकडे जुळत नाहीत म्हणून. तुझ्या यंत्राचं काही चुकत असेल का गं? नुसतं विचारतोय."

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "यंत्र चुकेल, दादा. ही चुकायची नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "बरं बाई," म्हणाला, "तू म्हणतेस तर तसं." बाटली पिशवीत घातली, कोट घडी करून खुंटीजवळ ठेवला आणि गेला. मी तेव्हाही दिव्याखाली पांढरीशुभ्र उभी होते.

महिन्याभरात त्याला होडीवरून उतरवून टेबलावर बसवलं. थाळी गोदामात गेली. सव्वीस वर्षांच्या वह्यांतल्या शेवटच्या वर्षावर "नजर अधू" असा शेरा पडला. बहीणभावाचं बोलणं कामापुरतं उरलं.

उन्हाळ्यात तळ्यावर हिरवी साय आली. मासे पोट वर करून काठाला लागले आणि गावाचं पाणी नऊ दिवस बंद झालं. लोक टँकरपुढे बादल्या घेऊन उभे राहिले. आमच्याकडे पत्र आलं, तुमच्या उपग्रहाला हे आधी का दिसलं नाही? साहेब म्हणाले, "आपल्यावर काही येत नाही. हवा धुरकट होती, असं कळवू."

त्याच आठवड्यात पुढच्या उपग्रहासाठी नवी पाटी आली. काकूंनी ती माझ्या शेजारी उभी केली आणि दोघींवर एकाच दिव्याचा उजेड टाकला. तांबड्यात आम्ही सारख्या. हिरव्यात मी किंचित कमी. निळ्यात मी पाचनं कमी.

"नवी आहे, नव्याचे नऊ दिवस," काकू म्हणाल्या. "हीच खोटी असेल." त्यांनी आमच्या जागा बदलल्या. दिवा बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चारही वेळा मीच कमी. त्या माझी बाजू घेत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. चौथ्या खेपेनंतर त्यांनी माझी डबी नाकाशी नेली. वास घेतला. स्पंजवरून एक बोट फिरवलं आणि स्टुलावर बसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मीच की."

बैठक बाहेरच्या टेबलावर भरली. मी मधोमध, डबीसकट. काकूंनी सगळं सांगितलं, स्पंजपासून न पाठवलेल्या तपासणीपर्यंत. साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "काकू, तुमचे दोन महिने राहिलेत. कशाला?"

"दोन महिने राहिलेत म्हणूनच. नंतर कोण सांगणार?"

"सही माझीपण आहे."

"आहे. पण 'यंदा राहू दे' हे वाक्य माझं होतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि मग दुरुस्तीचा आकडा काढायला सांगितला. उपग्रहाचे वर्षभराचे आकडे पुन्हा मांडले गेले. नकाशावरचं ते तळं महिन्यामागून महिना मागे जात हिरवं होत गेलं. दादानं नववी गाठ लिहिली होती त्या सोमवारीसुद्धा हिरवं. काकूंना लेखी ठपका मिळाला. निरोपाला चहा झाला, भाषणं झाली नाहीत.

भावाला फोन त्यांनी त्याच टेबलावरून केला होता. मी समोरच पडलेले. "दादा," त्या म्हणाल्या, "तुझे डोळे चांगले आहेत." आणि लगेच पुढे, "माझी पाटी खोटी निघाली. तुझं ऐकायला हवं होतं मी." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काकू बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "हो रे. हो. जेवले."

मला मोडीत काढलं. दाखल्यावर आडवी रेघ मारली. दादाला होडी परत मिळाली, पण थाळी गोदामात गंजून गेली होती. काकू निवृत्तीच्या दिवशी मला साहेबांकडे मागून घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दादानं माझ्या मधोमध भोक पाडलं. दुखलं का? नाही. वाटलं, बरं झालं.

दोरी काकूंनी बांधली, हातमोजे न घालता. इतक्या वर्षांत त्यांचा हात मला पहिल्यांदा लागला. खरबरीत होता, गरम होता, आणि त्याचे ठसे माझ्यावर उमटले ते अजून आहेत.

आता दर सोमवारी मी तळ्यात उतरते. माझा आकडा कुणी विचारत नाही. मी दिसेनाशी कुठे होते, एवढंच बघतात. कोपऱ्याचा टवका उडालेला, मध्ये भोक, कडेला शेवाळ. इथे माझ्या शब्दावर काही चालत नाही, आणि मला त्यात सुख आहे. लाज मात्र गेलेली नाही. हिरव्या पाण्यातून खाली जाताना दर वेळी आठवतं, हे पाणी मी निळं म्हणून सांगितलं होतं.

तुमच्याही घरात, ऑफिसात माझ्यासारखं कुणी असेल, ज्याच्याकडे बघून बाकी सगळे आपलं माप ठरवतात. त्याला मान द्या, पण वर्षातून एकदा तपासायलाही पाठवा. तो स्वतःहून सांगणार नाही. मी सांगितलं नव्हतं.

कालचीच गोष्ट. दादा वल्ही धरून बसला होता आणि काकू होडीच्या कडेवरून वाकून दोरी सोडत होत्या.

"दिसतेय?" दादानं विचारलं.

"दिसतेय... दिसतेय... गेली. बारा गाठी."

दादा वही उघडायला लागला. काकूंनी मला ओढून वर घेतलं आणि ओली दोरी त्याच्या हातात दिली.

"थांब, लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "पुन्हा सोड. आता तू बघ."