खरखर करणारी डबी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. खोकल्याच्या गोळ्या संपल्यावर माझी रवानगी कचऱ्यातच व्हायची, पण मावशीनं मला उचललं. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली तंत्रज्ञ. सगळी इमारत तिला मावशीच म्हणते. गच्चीवर तिच्या रेडिओची एरियल होती. रोज सकाळी ती रेडिओवरून दूरदेशीच्या मैत्रिणीशी बोलायची. ती बोलू लागली, की खालच्या मजल्यावर शिंपीकाकांच्या टीव्हीत मुंग्या नाचायच्या. "सोसायटीच्या रविवारच्या सभेत एरियल उतरवायलाच लावतो," असं त्यांनी बजावलं होतं.

मावशीनं रेडिओला जोडायला, नको त्या लहरी अडवणारा फिल्टर बनवला. तो नीट अडवतो का, ते पाहायला तिच्याकडे स्पेक्ट्रम ॲनालायझर होता. कुठली लहर किती जोरात येते ते तो पडद्यावर दाखवतो. पण फिल्टरमध्ये सोडायला आधी लहरी तर हव्यात! ते काम करणारा ट्रॅकिंग जनरेटर ॲनालायझरइतकाच महाग. म्हणून तिनं माझ्या पोटात एक झेनर डायोड आणि तीन ॲम्प्लिफायर बसवले. झेनर उलटा जोडला, की खरखरतो. तोही एका सुरात नाही, सगळ्या सुरांत एकदम, म्हणजे सगळ्या लहरी एकाच वेळी.

तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, कपाळाला हात लावला. "लोक शांततेसाठी जीव टाकतात, आणि तू गोंगाट करायला डबी बनवलीस?"

"गोंगाटच हवाय मला."

माझा गोंगाट फिल्टरमधून गेला आणि पडद्यावर फिल्टरचा आकार उमटला: इकडे पठार, तिकडे कडा. कडा जरा ढळलेला होता. मावशीनं तारेची वेटोळी किंचित ताणली, तसा तो जागेवर आला. "शाब्बास गं!" ती मला म्हणाली. मी अशी फुशारले, काय सांगू!

शनिवारी परीक्षा. शिंपीकाका टीव्ही लावून बसले, मावशी फिल्टर जोडून रेडिओवर बोलू लागली. खालून हाक आली, "मावशी, मुंग्या! आज तर वारूळच फुटलंय!"

तिनं रेडिओ बंद केला.

"आहेतच अजून!"

मावशीचा चेहरा पडला. तेवढ्यात टेबल आवरता आवरता काकांनी माझा प्लग उपटला.

"गेल्या!"

दोघंही माझ्याकडे बघू लागले. माझं झाकण उघडं, बाहेर वीतभर तार एरियलसारखी लोंबतेय, आणि मी सकाळपासून इमानेइतबारे खरखरतेय. धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला.

मावशी मला घेऊन तडक खाली गेली. "आधी चूक रेडिओची होती, आज या डबीची. म्हणजे दोन्ही माझ्याच."

शिंपीकाकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "एवढीशी, आणि गोंगाटात माझ्या तिन्ही शिलाई मशिनींना भारी! जा, पुन्हा बोला रेडिओवर."

मावशी चांगली पंधरा मिनिटं बोलली. औषधालाही मुंगी दिसली नाही.

रविवारी सभेत एरियलचा विषय निघाला, तर तक्रारदारच गायब. ते वर मावशीच्या मैत्रिणीला रेडिओवरून बाही कशी बेतायची ते समजावत होते.

पुढे तयार जनरेटर आला आणि मी खणात पडले. माझी तक्रार नाही. मित्रांनो, फक्त काम झालं की माझ्यासारख्यांचा प्लग काढत जा, झाकण लावत जा. आम्हाला आपणहून गप्प बसता येत नाही हो!