चाळीसचे चारशे

बायको गेल्यावर सातव्या महिन्यात मी तिचे शेअर विकले. खरं तर मेहुणीने विकले, मी शेजारी बसून हो म्हणालो. मेहुणी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, तिला फोनमधलं सगळं येतं. तिने बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात बारा लाख आले.

मी काच कापतो. खिडक्या, आरसे, दुकानांची दारं. पस्तीस वर्षं हेच केलं. शेअर हा बायकोचा विषय होता. ती शाळेच्या ऑफिसात कारकून होती आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी निळी वही घेऊन बसायची. काय चाललंय म्हणून विचारलं की म्हणायची, "तुम्ही तुमची काच बघा." मी बघत राहिलो.

पैसे लेकीसाठी हवे होते. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करते. तिला स्वतःची जागा मिळत होती. तळमजल्यावर दोन खोल्या, रस्त्याला लागून, गुडघे दुखणाऱ्यांना एकही पायरी चढावी लागणार नाही अशी. मालकाला साडेअकरा लाख अनामत हवी होती, गुरुवारी, एकरकमी. नाही दिली तर जागा जाणार आणि लेकीने दिलेला विसारही बुडणार. मी तिला सांगून टाकलं होतं, "आईचे बारा आलेत. तुझेच समज."

शनिवारी मेहुणी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "भावोजी, कराचं काय केलंत?"

"कसला कर?"

"नफ्यावरचा. शेअर विकले की नफ्यावर कर लागतो. पंधरा तारखेच्या आत अंदाज करून भरायचा असतो."

"अंदाज करून? म्हणजे नक्की किती ते त्यांनाही माहीत नाही?"

"त्यांना नंतर कळतं. आधी आपण अंदाज करायचा."

हे माझ्या डोक्यात शिरेना. खिडकी अंदाजे कापली तर ती चौकटीत बसत नाही, आणि एकदा आखूड झालेली काच लांब करता येत नाही. सरकारचं काम अंदाजावर कसं चालतं? मेहुणी म्हणाली, "विकले त्याची किंमत वजा घेतले त्याची किंमत. उरेल तो नफा. काचेतून आरपार बघता, एवढं दिसत नाही?"

रविवारी मी वही काढली. तिचं अक्षर बघून पाच-दहा मिनिटं काहीच केलं नाही. मग शोधलं. आम्ही विकलेल्या कंपनीचं नाव एका पानावर होतं, आठ वर्षांपूर्वीची तारीख होती आणि समोर भाव लिहिला होता, सहा हजार पन्नास. आम्ही विकले चारशे, तीन हजार भावाने. मी गुणाकार केला. चारशे गुणिले सहा हजार पन्नास म्हणजे चोवीस लाख वीस हजार.

तीनदा केला. तेवढेच आले.

म्हणजे तिने चोवीस लाख घातले आणि बारा परत आले. मी लेकीला फोन केला आणि म्हणालो, "कर लागत नाही. आपल्याला तोटा झालाय. सगळे पैसे तुझे." ती म्हणाली, "नक्की ना बाबा?" मी नक्की म्हणालो.

फोन ठेवला आणि मग माझी पाचावर धारण बसली. चोवीस लाख आणले कुठून हिने? शाळेतल्या कारकुनाचा पगार मला माहीत होता. आमच्या घरात एकगठ्ठा चोवीस लाख कधी कुणी पाहिले नव्हते. कर्ज काढलं असेल? मला न सांगता? मी तिचं कपाट उघडलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. साड्यांच्या घड्यांमध्ये, पर्सच्या कप्प्यांत, जुन्या औषधांच्या फायलीत कुणाची चिठ्ठी, बँकेचा कागद मिळतो का ते शोधलं. दवाखान्याची बिलं होती, ती मी भरली होती, माझी सगळी बचत त्यातच गेली होती. दुसरं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी त्या पसाऱ्यात बसून होतो. बायकोवर रागावलो होतो आणि रागावल्याची लाजही वाटत होती.

पुन्हा वही बघितली तेव्हा भावाच्या खाली बारीक अक्षरात दिसलं, "नग ४०".

चाळीस. मग आम्ही चारशे कसे विकले?

तीनशे साठ शेअर कुणाचे विकले आम्ही? मेहुणीला फोन लावला. ती म्हणाली, "भावोजी, खात्यात होते तेवढेच विकले. जास्तीचे विकताच येत नाहीत. उद्या कराच्या सल्लागारबाईंकडे जाऊ. आणि तोवर कुणाला फोन करू नका."

सल्लागारबाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. लहानशी खोली, भिंतभर फायली, खिडकीची काच वरच्या कोपऱ्यात तडकलेली आणि तिला चिकटपट्टी लावलेली. बाई तिशीच्या असतील. त्यांनी खात्याचा उतारा बघितला, वही बघितली आणि म्हणाल्या, "काका, घाबरू नका. कंपनीने मध्यंतरी एका शेअरचे दहा केले. चाळीसचे चारशे झाले."

"फुकट?"

"फुकट नाही. मोठ्या काचेचे दहा तुकडे केले असं समजा. काच तेवढीच राहते."

"तुकडे केल्यावर काच तेवढीच राहत नाही," मी म्हणालो. "कडेची वाया जाते."

"इथे कडा वाया जात नाहीत," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी हिशेब मांडला. घेतले चाळीस, साडेपाच हजारांनी, म्हणजे दोन लाख वीस हजार. विकले बारा लाखांना. नफा नऊ लाख ऐंशी हजार.

"साडेपाच नाही, सहा हजार पन्नास," मी वहीवर बोट ठेवलं.

"उताऱ्यावर साडेपाच आहे. दलाली धरली तरी एवढा फरक पडत नाही. बरोबर दहा टक्के जास्त लिहिलंय काकूंनी. का बरं?"

मला लगेच कळलं. त्या दोन दिवसांत मला लगेच कळलेली ती एकच गोष्ट.

"फुटतूट," मी म्हणालो.

माझी सगळी कोटेशनं बायको लिहायची. काच, घडाई, वाहतूक, आणि सर्वांत खाली फुटतूट दहा टक्के. पस्तीस वर्षं लिहून तिच्या हाताला सवयच लागली होती. किराण्याच्या यादीत दहा टक्के, लेकीच्या फीमध्ये दहा टक्के. एकदा मी विचारलं होतं, विजेच्या बिलाला कसली फुटतूट? ती म्हणाली होती, लिहून ठेवायला काय जातंय?

"शेअर फुटत नाहीत काका," बाई हसल्या.

"फुटले की!" मेहुणी म्हणाली. "एकाचे दहा झाले, आत्ताच म्हणालात."

मीही हसलो. मग माझं हसणं बिघडलं आणि बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

पाणी प्यायल्यावर मी विचारलं, "शेअर माझ्या नावावर येऊन दोन महिनेच झालेत. मग दोन महिन्यांचाच नफा धरायचा ना?"

"नाही. वारसाने आलेत, म्हणून काकूंची किंमत आणि काकूंची तारीख धरायची. ते तुमच्या फायद्याचंच आहे. आठ वर्षं ठेवल्यामुळे दर कमी लागतो. साधारण आठवा हिस्सा."

म्हणजे कराच्या कागदावर अजून तिचीच तारीख चालू होती. मी मान डोलावली. पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्याला सूट आणि वर चार टक्के उपकर धरून बाईंनी आकडा लिहिला, एक लाख अकरा हजार एकशे पन्नास.

मी वजाबाकी केली. बारा लाखांतून हे गेले की जेमतेम दहा लाख एकोणनव्वद हजार उरत होते. लेकीला साडेअकरा हवे होते. एकसष्ट हजार कमी पडत होते. माझं काचेचं दुकान वर्षभर अर्धा वेळ बंदच होतं, गल्ल्यात काही नव्हतं. आणि मी काल तिला नक्की म्हणालो होतो.

"कर नंतर भरला तर?" मेहुणीने विचारलं.

"व्याज चढेल. आणि नंतर तरी आणणार कुठून?"

मी बाहेर जिन्यात जाऊन लेकीला फोन केला. "थांब," म्हणालो. "जागेला अजून हो म्हणू नकोस." ती नुसतं "बरं" म्हणाली. ते बरं मला लागलं.

परत आत आलो तर बाई उताऱ्याचं दुसरं पान बघत होत्या. "काका, या खात्यात अजून एक कंपनी आहे. काच बनवणारी. ती काकूंनी थोडी थोडी घेतलीय, पहिली खरेदी दहा वर्षांपूर्वीची, शेवटची दीड वर्षापूर्वीची. एकूण एक लाख ऐंशी हजार घातलेत. आजची किंमत सत्तर हजार."

"म्हणजे यात तोटा आहे?"

"एक लाख दहा हजारांचा. हे विकले तर सत्तर हजार हातात येतील आणि हा तोटा त्या नफ्यातून वजा होईल. कर शहाण्णव हजार आठशे पन्नासवर येईल."

"तोटा झाला म्हणून पैसे वाचणार?"

"हो."

"मग जास्त तोटा झाला असता तर जास्त वाचले असते?"

बाईंनी मेहुणीकडे बघितलं. मेहुणी म्हणाली, "भावोजी, एका वेळी एकच प्रश्न."

मी हिशेब केला. बारा लाख सत्तर हजारांतून कर काढला की अकरा लाख त्र्याहत्तर हजारांच्या वर उरत होते. लेकीचं काम होत होतं. पण मला एक कळेना. भाव पडत असताना माझी बायको दहा वर्षं तेच शेअर का घेत राहिली? बाकी सगळीकडे तिचा हिशेब चोख होता.

रस्त्यावर आल्यावर मेहुणी म्हणाली, "मी विचारलं होतं ताईला. वेडी आहेस का, म्हटलं. ती म्हणाली, तेही काचेवर जगतात, आपणही काचेवर जगतो. ते बुडाले तर आपलं कोण?"

बसस्टॉपपर्यंत आम्ही चालत गेलो.

मंगळवारी सकाळी मेहुणी कामावर जायच्या आधी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवला. पडद्यावर त्या कंपनीचं नाव होतं, शेअरचा आकडा होता आणि भाव सारखा हलत होता.

"दाबू?"

"थांब."

भाव थोडा खाली गेला. थोडा वर आला. पुन्हा खाली गेला. मी बायकोच्या बाजूने विचार करायचा प्रयत्न केला. तिने हे माझ्यासाठी ठेवले होते की दुकानासाठी, की नुसतीच एक खोड होती? लेकीसाठी विकले असते का तिने? असतेही. कदाचित दुसरा मार्ग काढला असता. तो मार्ग मला दिसत नव्हता.

"भावोजी, मला दहाला दुकान उघडायचंय. भाव आणखी उतरला तर परत कमी पडतील."

"मी दाबतो," मी म्हणालो. तिने बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. माझ्या बोटाला जुने कापल्याचे वण आहेत, फोनला ते बोट ओळखू येत नाही. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा झालं.

मेहुणी गेल्यावर मी लेकीला फोन केला.

"परवा म्हणालात कर नाही. काल म्हणालात थांब. आता काय, बाबा?"

"साडेअकरा तुझे. कराचे वेगळे काढून ठेवलेत, पंधराच्या आत भरतो. मालकाला हो सांग."

"आणि तुमच्याकडे?"

"तेवीस हजार आणि वर थोडे."

"आईचे सगळे विकले?"

"सगळे."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. कुणी पेशंट तिला हाक मारत होता. तिने "एक मिनिट" म्हणून त्याला थांबवलं.

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"नाही," मी म्हणालो. "गुरुवारी किती वाजता यायचं?"

"अकराला," ती म्हणाली. "मी तुम्हाला घ्यायला येते."