म्हातारे कृमी

आपलं औषध कृमींचं आयुष्य वाढवतं, हे सिद्ध झालं तरच तिची पीएचडी मार्गी लागणार होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिने बशीतल्या कृमींना तारेने हळूच डिवचलं. एकही हलेना. औषध न दिलेले कृमी कालच संपले होते, आणि आज हेही.

“सर, सगळे गेले,” असं म्हणत ती बशी फेकायला उठली.

“अगं थांब! म्हाताऱ्यांना वेळ लागतो,” निवृत्तीला टेकलेले सर म्हणाले. “डोक्यापाशी डिवच आणि गप्प बस. पेपर वाचताना मीही आमच्या हिच्या तिसऱ्या हाकेला ओ देतो. म्हणून काय तिने मला स्मशानात पोचवलं?”

ती हसू दाबून बघत राहिली. बऱ्याच वेळाने एका कृमीने डोकं वळवलं. मग दुसऱ्याने.

“आता औषध न दिलेलेही अस्सेच बघ,” सरांनी बजावलं.

त्यांची कालची बशी अजून टेबलावरच होती. ते मात्र तेवढंच थांबूनही खरंच मेलेले निघाले. तिचा जीव भांड्यात पडला.

आता तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. तिथे कृमी मेला असं ठरवण्याआधी सगळे थांबतात. त्या थांबण्याला ‘सरांचा वेळ’ म्हणतात, आणि ते सर कोण, हे ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते.